न हरलेल्या सुझानचं वर्ष

१९२६ सालात सुझान लेंग्लेन कोर्टावर उभी राहून एकेरीचा एकही सामना हरली नाही. फेब्रुवारीत तिनं अमेरिकेच्या हेलन विल्सला नमवलं, जूनमध्ये फ्रान्सचं अजिंक्यपद राखलं आणि ऑक्टोबरपासून अमेरिकेच्या दौऱ्यावर जी जिंकायला लागली ती थांबलीच नाही. तरीही त्याच वर्षी विम्बल्डनच्या प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली, जगातल्या सगळ्या मोठ्या स्पर्धांची दारं तिला बंद झाली आणि ज्या खेळासाठी तिनं बालपण वेचलं, त्या खेळानं तिला परकं ठरवलं. एकही सामना न हरता इतकं सारं गमावणारा दुसरा हंगाम मला तरी टेनिसच्या इतिहासात सापडलेला नाही.

माझ्या पिढीला टेनिसची गोडी लावली ती दूरदर्शननं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बाहेर पाऊस कोसळत असायचा आणि घरात विम्बल्डनचं हिरवंगार कोर्ट दिसायचं. मार्टिना नवरातिलोवा, स्टेफी ग्राफ ही नावं घरातल्या माणसांसारखी झाली होती. सुझान मात्र आम्हाला भेटली ती केवळ नावानं. रोलाँ गॅरोवरच्या एका मोठ्या कोर्टाला १९९७ मध्ये तिचं नाव देण्यात आलं, फ्रेंच स्पर्धेतली महिलांची विजेती जो चषक उंचावते तोही तिच्याच नावाचा. पण ही बाई कोण, हे विचारलं तर भल्याभल्यांना सांगता येत नाही. म्हणून आज तिची गोष्ट.

सुझानचा जन्म २४ मे १८९९ चा, पॅरिसचा. लहानपणी तिला दम्याचा त्रास होता. मोकळ्या हवेत खेळली तर पोरीची प्रकृती सुधारेल, म्हणून वडील शार्ल यांनी १९१० मध्ये तिच्या हाती रॅकेट दिली. औषध म्हणून सुरू झालेला खेळ थोड्याच दिवसांत घराचा ध्यास झाला. शार्ल कोर्टावर रुमाल पसरून ठेवायचे आणि चेंडू नेमका त्या रुमालावर पडला पाहिजे असा त्यांचा दंडक असायचा. पुढे रुमालाच्या जागी नाणं आलं, असं सांगतात. बायकांचा खेळ त्या काळी संथ होता, म्हणून त्यांनी मुलीला पुरुषांबरोबर सराव करायला लावलं. शार्ल कडक होते. चुकलं की चारचौघांत बोलायचे. सुझानचा खेळ असा घडला, आणि तिचा हळवा, चटकन उन्मळून पडणारा स्वभावही बहुधा असाच घडला असावा.

वयाला १५ वर्षं पूर्ण झाली, त्याच सुमाराला, म्हणजे १९१४ मध्ये, तिनं पॅरिसजवळच्या सँ-क्लूमध्ये जागतिक हार्ड कोर्ट अजिंक्यपद जिंकलं. लगेच पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ऐन उमेदीची चार वर्षं वाया गेली. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये ती प्रथमच विम्बल्डनला उतरली. अंतिम सामन्यात समोर होत्या डोरोथिया लँबर्ट चेंबर्स. वय ४०, सात वेळच्या विजेत्या, पायघोळ झगा आणि लांब बाह्या अशा जुन्या वळणाच्या. सुझान २० वर्षांची, अंगात आखूड बाह्यांचा, पोटरी दिसेल असा झगा. राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी सामना पाहायला आले होते. दोन मॅच पॉइंट वाचवून सुझाननं तो सामना १०-८, ४-६, ९-७ असा जिंकला. एक युग संपलं आणि दुसरं सुरू झालं, हे त्या दिवशी प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिलं.

नंतरची सात वर्षं तिचीच होती. विम्बल्डनचं एकेरीचं अजिंक्यपद सहा वेळा, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं, आणि त्या ऑलिंपिकच्या एकेरीत सगळे सामने मिळून गमावलेले गेम फक्त चार! १९२५ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या सगळ्या फेऱ्यांत तिनं पाच गेम गमावले. या साऱ्या काळात तिची एकेरीतली हार एकच. १९२१ मध्ये अमेरिकेत मोला मॅलरीविरुद्ध पहिला सेट गेल्यावर खोकत, रडत तिनं सामना सोडला होता. पुढच्याच वर्षी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात त्याच मॅलरीला तिनं ६-२, ६-० असं अवघ्या २६ मिनिटांत हरवलं.

तिचा खेळ म्हणजे निव्वळ ताकद नव्हती. चेंडूपर्यंत ती नाचल्यासारखी पोचायची, हवेत झेपावून फटका मारायची. ज्याँ पातू या पॅरिसच्या नामवंत वेशरचनाकारानं शिवलेला गुडघ्यापर्यंतचा रेशमी पोशाख, कपाळावर रंगीत पट्टा, आणि दोन गेमच्या मध्ये ब्रँडीचा घोट, हा सगळा थाट पाहायला माणसं लोटायची. १९२२ मध्ये विम्बल्डनची स्पर्धा जुनं मैदान सोडून चर्च रोडवरच्या मोठ्या जागेत गेली. या गर्दीत सुझानचा वाटा फार मोठा होता.

आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हे सारं टेनिस 'हौशी' होतं. तिकिटाचे पैसे क्लब घेणार, संघटना घेणार. खेळाडूला मिळणार चषक आणि टाळ्या. फार तर प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च. ज्यांच्या घरी पिढीजात पैसा आहे त्यांना हे परवडायचं. लेंग्लेन कुटुंब खाऊन-पिऊन सुखी होतं, पण गडगंज नव्हतं. १९२६ साल उजाडलं तेव्हा सुझान २६ वर्षांची होती, वडिलांची प्रकृती ढासळत होती आणि जगातल्या सर्वांत नामवंत खेळाडूला टेनिसमधून एक छदामही मिळत नव्हता.

त्या वर्षाच्या सुरुवातीला २० वर्षांची हेलन विल्स फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर येऊन दाखल झाली. १९२४ ची ऑलिंपिक विजेती, कॅलिफोर्नियाची, शांत, चेहऱ्यावरची रेष न हलवणारी. काही आठवडे सुझाननं तिच्याशी एकेरीत गाठ पडू दिली नाही. अखेर १६ फेब्रुवारीला कान इथल्या कार्लटन क्लबवर दोघी समोरासमोर आल्या. तिकिटांचा काळाबाजार झाला. ज्यांना तिकीट मिळालं नाही ते झाडांवर चढले, शेजारच्या घरांच्या छपरावर बसले. प्रेक्षकांत स्वीडनचे राजे गुस्ताव होते आणि आपल्याकडचे पुदुकोट्टाईचे राजेसाहेबही होते. वार्तांकनासाठी स्पेनचे कादंबरीकार ब्लास्को इबान्येझ यांच्यासारखी माणसं आली होती. एका टेनिस सामन्याला असा कुंभमेळा त्याआधी भरला नव्हता.

पहिला सेट सुझाननं ६-३ असा घेतला. दुसऱ्यात हेलन पुढे गेली. सुझान छातीवर हात ठेवत होती, ब्रँडीचे घोट घेत होती. तरी तिनं ६-५ आणि ४०-१५ अशी मजल मारली. हेलनचा फटका रेषेजवळ पडला, 'आउट' असा पुकारा झाला, दोघींनी हस्तांदोलन केलं, फुलांचे गुच्छ आले, लोक कोर्टात धावले. एवढ्यात लाइनमन लॉर्ड चार्ल्स होप अंपायरकडे गेले. चेंडू आत होता आणि पुकारा त्यांनी केलेला नव्हता. प्रेक्षकांतलाच कुणीतरी ओरडला होता! जिंकलेला सामना पुन्हा खेळायचा. हात-पाय गळावेत असाच तो प्रसंग. हेलननं तो गेम घेऊन ६-६ केलं. मला सुझानचं खरं मोठेपण दिसतं ते पुढच्या दोन गेममध्ये. जी बाई नाजूक मनाची म्हणून हिणवली जायची, तिनं मुकाट्यानं पुन्हा रॅकेट उचलली आणि सेट ८-६ असा जिंकला. या दोघी एकेरीत पुन्हा कधीच भेटल्या नाहीत. जूनमधल्या फ्रेंच स्पर्धेच्या वेळी हेलनला अपेंडिक्सचा त्रास झाला. सुझाननं अंतिम सामन्यात मेरी ब्राऊनला ६-१, ६-० असं हरवलं.

मग आलं विम्बल्डन. स्पर्धेचं सुवर्णमहोत्सवी वर्ष. राजपुत्र ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे पुढचे राजे सहावे जॉर्ज, स्वतः दुहेरीत खेळले, इतका तो सोहळा मोठा होता. सुझानच्या कुरबुरी मात्र आधीपासूनच सुरू झाल्या होत्या. एलिझाबेथ रायन ही तिची दुहेरीतली नेहमीची जोडीदार. दोघींनी मिळून विम्बल्डन सहादा जिंकलेलं. पण रायन अमेरिकन. फ्रेंच संघटनेचा आग्रह असा की जोडीदार फ्रेंच हवी. म्हणून सुझानला दीदी व्लास्तोबरोबर खेळावं लागलं आणि समोर कोण? तर तीच रायन!

पहिल्या आठवड्यातल्या बुधवारी तिचा एकेरीचा आणि दुहेरीचा असे दोन्ही सामने ठेवले होते. एकेरीची वेळ बदलल्याचं आपल्याला कुणी सांगितलं नाही, असं तिचं म्हणणं. वेळ जाणून घेण्याची जबाबदारी खेळाडूचीच, असं संयोजकांचं. ती मैदानावर पोचली तेव्हा बराच उशीर झाला होता, आणि शाही कक्षात खुद्द राणी मेरी तिची वाट पाहत बसल्या होत्या. अधिकाऱ्यांनी तिला खडसावलं. तिनं कपडे बदलायच्या खोलीत धाव घेतली आणि ती कोसळलीच. ज्याँ बोरोत्रानं जाऊन राणीची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी तिनं राणीचा अपमान केल्याचं ठरवून टाकलं. दुहेरीत मॅच पॉइंट मिळूनही ती आणि व्लास्तो हरल्या. मिश्र दुहेरीला ती बोरोत्राबरोबर उतरली तेव्हा ज्या प्रेक्षकांनी सात वर्षं तिला डोक्यावर घेतलं होतं, त्यांनीच तिला कुत्सितपणे हिणवलं. तिनं स्पर्धेतून अंग काढून घेतलं. विम्बल्डनवर ती पुन्हा कधी खेळली नाही.

तिचं चुकलं नाही, असं मी म्हणणार नाही. वेळ पाळणं हा खेळाडूचा पहिला धर्म. पण सात वर्षं जिच्या नावावर खुर्च्या भरल्या, तिची बाजू ऐकून घ्यायला त्या मैदानावर कुणालाच सवड नव्हती, हेही तितकंच खरं.

ऑगस्टमध्ये तिनं सी. सी. पाइल या अमेरिकन व्यवस्थापकाशी करार केला. पाइल म्हणजे फुटबॉलपटू रेड ग्रेंजला पैसा मिळवून देणारा गडी. ५० हजार डॉलर आणि अमेरिकेचा दौरा. पैसे घेऊन खेळणार असं उघड सांगणारी टेनिसमधली ती पहिली मोठी खेळाडू. हौशीपणाचे रखवालदार खवळले. तिला स्पर्धांतून कायमची बंदी झाली. सुझाननं दिलेलं उत्तर साधं होतं. आपल्या खेळावर इतरांनी लाखो फ्रँक मिळवले, मग आपल्याच कष्टाचा मोबदला घेण्यात लाज कसली, असा तिचा सवाल होता. ज्या नियमांमुळे फक्त श्रीमंतांनाच खेळणं परवडतं ते नियम न्यायाचे कसे, असंही तिनं विचारलं.

९ ऑक्टोबर १९२६ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दौऱ्याची सुरुवात झाली. सुमारे १३ हजार प्रेक्षक जमले. समोर होती मेरी ब्राऊन. अमेरिकेची तीन वेळची विजेती, पण आता वय ३५. मग शहरामागून शहर, आगगाडीचा प्रवास, बंदिस्त सभागृहं, जमिनीवर अंथरलेलं कोर्ट, आज एका गावात तर उद्या दुसऱ्या. एखाद्या नाटक कंपनीचाच दौरा म्हणा ना! फेब्रुवारी १९२७ मध्ये तो संपला तेव्हा हिशेब होता ३८ सामने, ३८ विजय. कौतुकाचा आकडा खराच, पण मला त्यात थोडी उदासीही दिसते. जिच्याशी गाठ पडायला हवी होती ती हेलन विल्स हौशी स्पर्धांत राहिली, आणि सुझान त्याच एका प्रतिस्पर्ध्याला रोज हरवत राहिली.

पुढे तिनं पॅरिसमध्ये टेनिसची शाळा काढली, मुलांना शिकवलं. वडील १९२९ मध्ये गेले. २ जुलै १९३८ ला हेलन विल्सनं विम्बल्डनचं आपलं आठवं आणि शेवटचं अजिंक्यपद जिंकलं. त्यानंतर दोनच दिवसांनी, ४ जुलैला, रक्ताच्या विकारानं सुझान पॅरिसमध्ये वारली. वय अवघं ३९.

तिच्या सवालाला उत्तर मिळायला आणखी ३० वर्षं जावी लागली. १९६८ मध्ये विम्बल्डननं व्यावसायिक खेळाडूंना दार उघडलं. त्या वर्षी विजेत्या रॉड लेव्हरला २ हजार पौंड मिळाले आणि महिलांच्या विजेत्या बिली जीन किंगला ७५०. ही दरी बुजायला २००७ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी प्रथमच विम्बल्डनवर बायकांना पुरुषांइतकं बक्षीस मिळालं.

आज आपली एखादी मुलगी रॅकेट घेऊन कोर्टावर जाते, तेव्हा खेळावर पोट भरता येईल का, हा प्रश्न आई-बाप उघडपणे विचारतात. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तो प्रश्न चारचौघांत विचारल्याची किंमत १९२६ मध्ये एका न हरलेल्या बाईनं मोजली होती. चषकावरचं तिचं नाव वाचताना एवढं आठवलं तरी पुरे.