राजर्षी शाहू छत्रपती आणि चहाचा पेला

आमच्या स्मरणिकेत दरसाल एका थोर पुरुषाचे पुण्यस्मरण करण्याची रीत आहे. शाहूपुरीत राहणाऱ्या आम्हां मंडळींस राजर्षी शाहू छत्रपतींचे विस्मरण होणे शक्यच नाही. कारण ही पेठच त्यांनी १८९५ साली वसविली. महाराजांच्या राज्यकारभारावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. यंदा त्यांच्या चरित्राकडे आम्ही स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावरून पाहू इच्छितो.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट व धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. दुसऱ्याच वर्षी त्यांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसविली. पंचगंगेकाठच्या उसाचा गूळ येथून परमुलखी जाऊ लागला. पन्हाळ्याच्या बाजूस चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोगही महाराजांनी करून पाहिले.

पुढे गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले. परंतु गुळाची गोडी आमच्या घरांतून गेली नाही. पावसाळ्यात आले व वेलदोडा ठेचून घातलेला गुळाचा चहा करावा तो आमच्या माउल्यांनीच. चहाचे पाणी गुळासह उकळून खाली उतरवावयाचे आणि मगच त्यात तापविलेले दूध ओतावयाचे. गुळाबरोबर दूध उकळले तर ते नासते, हे ज्ञान सासूकडून सुनेकडे चालत आले. खोकल्यास हळदीचे दूध, कोजागरीस केशर-जायफळ घातलेले आटीव दूध आणि तालमीतील मल्लांस बदाम, खसखस, बडीशेप व मिरी वाटून केलेली थंडाई! महाराज स्वतः मल्लविद्येचे मोठे आश्रयदाते. १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान त्यांनीच उभारले.

परंतु दूध तेच, गूळ तोच असला, तरी तो पेला कोणाच्या हातचा, हा प्रश्न त्या काळी समाज प्रथम विचारी. महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे अस्पृश्य समाजातील सेवक होते. सवर्णांच्या पाण्याच्या हौदास शिवल्याच्या कारणावरून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज परगावाहून परतल्यावर गंगारामांनी आपली कैफियत त्यांच्या कानी घातली. महाराजांनी अपराध्यास शिक्षा केली, गंगारामांस चाकरीतून मोकळे केले आणि स्वतंत्र धंद्यासाठी साह्य दिले. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. दुकान स्वच्छ, चहा उत्तम. पण सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. हे समजताच महाराजांनी आपली गाडी भर रस्त्यात दुकानासमोर उभी करविली, गंगारामांच्या हातचा चहा स्वतः घेतला आणि बरोबरच्या मंडळींसही पाजला. छत्रपती ज्या हातचे पितात, तो हात विटाळाचा कसा, हे लोकांस उमजावे हाच त्यातील हेतू होता.

१९१९ साली हुकूम काढून सार्वजनिक ठिकाणची अस्पृश्यता त्यांनी निषिद्ध ठरविली. मार्च १९२० मध्ये माणगाव येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेस ते उपस्थित राहिले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पुढे गंगारामांनी पुढाकार घेऊन आपल्या समाजबांधवांच्या साह्याने कोल्हापुरात महाराजांचे स्मारक उभारले.

येथे आम्हांस थोडे आपल्या घराकडे वळावयाचे आहे. मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, शिंपी, दैवज्ञ, अस्पृश्य अशा अनेक समाजांच्या मुलांसाठी १९०१ पासून महाराजांच्या प्रेरणेने वसतिगृहे निघाली. ज्ञातीची संस्था ही त्यांच्या दृष्टीने वर चढण्याची पायरी होती. तेथेच बसून राहावे, असे त्यांच्या मनात नव्हते. आमच्या बालपणी मात्र घराच्या पडवीत, कोनाड्यामध्ये एक कप पालथा ठेवलेला असे. बाहेरच्या कामास येणाऱ्या गड्यास चहा त्यातूनच मिळे, आणि पिऊन झाल्यावर त्यानेच तो विसळून पुन्हा पालथा घालावयाचा. चहा आमच्या आईनेच केलेला, वेलदोड्याचा वासही तोच. कप तेवढा निराळा. माउलीच्या हातची माया उंबरठ्याशी येऊन थबके, आणि आम्हां मुलांस त्यात काही वावगे वाटत नसे, याची आज लाज वाटते.

तो कप आमच्या घरातून केव्हाच गेला. परंतु कोनाडा रिकामा झाला म्हणजे मनही झाले असे नव्हे. महाराजांच्या तसबिरीस हार घालणाऱ्या प्रत्येक ज्ञातिबांधवाने व भगिनीने आपल्या घरचा कोनाडा एकवार तपासून पाहावा, आणि दारी आलेल्या कोणासही, जात न विचारता, आपल्याच पेल्यात चहा द्यावा, एवढीच आमची नम्र विनंती आहे.