जेनिनच्या मुलांची आर्ना

पवित्र भूमीची यात्रा करून आलेले अनेक जण आपल्या धर्मग्रामात आहेत. नाझरेथ, काना, ताबोर डोंगर, गालील सरोवर ही नावे आता आपल्याला शेजारच्या गावांसारखी वाटू लागली आहेत. नाझरेथच्या दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवर जेनिन नावाचे शहर आहे. तेथे यात्रेची बस सहसा जात नाही. त्याच्याजवळच बुर्किन गावात एक अतिप्राचीन चर्च आहे. प्रभू येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले ते तेथेच, अशी तिथल्या ख्रिस्ती लोकांची परंपरा सांगते. पण मध्ये लष्करी नाके आहेत, म्हणून गाडी वळून दुसरीकडे जाते.

ज्या बाईची कथा आज आम्ही सांगणार आहोत ती हे नाके ओलांडून पुन्हा पुन्हा जेनिनला जात राहिली. त्यांचे नाव आर्ना मेर-खमिस. त्या यहुदी होत्या. धर्म मात्र त्या मानत नसत, ऐन तारुण्यापासून त्या कम्युनिस्ट होत्या. अशा बाईला पॅरिशच्या पत्रिकेत जागा कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आम्हालाही पडला होता. त्यांची पूर्ण हकिगत समजल्यावर तो मागे पडला.

आर्ना यांचा जन्म 1929 साली गालीलातील रोश पिना ह्या गावी झाला. यहुदी वसाहतवाल्यांनी 1882 मध्ये वसवलेले हे गाव. नावाचा अर्थ कोनशिला. स्तोत्र 118 मध्ये बांधणाऱ्यांनी टाकून दिलेल्या दगडाचा उल्लेख आहे, त्यावरूनच हे नाव घेतलेले आहे. वडील गिदोन मेर हे हिवतापावर संशोधन करणारे नामवंत डॉक्टर होते. त्या काळी गालीलच्या खोऱ्यात हिवतापाने माणसे पटापट मरत, मग ती यहुदी असोत की अरब.

1948 च्या युद्धात तरुण आर्ना पालमाख ह्या यहुदी सैनिक दलात होत्या. त्या जीप चालवत. इस्राएल राष्ट्र उभे राहिले त्याचा त्यांना आनंद झाला होता. मात्र त्या मोहिमेत बेदूईन कुटुंबांना त्यांच्या जागेवरून हुसकावून लावण्यात आपलाही हात होता, ह्याची टोचणी त्यांना जन्मभर राहिली. त्यांच्या पुढच्या आयुष्याचे मूळ आम्हाला ह्या टोचणीत दिसते. आपण जिंकलो त्या लढाईत समोरच्याचे काय झाले, हे बघायला फार थोडे लोक मागे वळतात.

कम्युनिस्ट पक्षात त्यांची ओळख सलिबा खमिस यांच्याशी झाली. सलिबा नाझरेथचे पॅलेस्टिनी, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घराण्यातले. सलीब म्हणजे क्रूस, हे नावच सांगते. यहुदी मुलीने अरबाशी लग्न करणे हे त्या देशात तेव्हा, आणि आजही, दोन्हीकडच्या नातेवाइकांना न पचणारे. दोघांनी ते केले. त्यांना तीन मुलगे झाले. मधला जुलियानो, जन्म 1958, नाझरेथचा. हा मुलगा तरुणपणी इस्राएलच्या सैन्यात छत्रीधारी सैनिक झाला. जेनिनच्या नाक्यावर एका वृद्ध पॅलेस्टिनी माणसाची झडती घ्यायला त्याने नकार दिला आणि तुरुंगवास भोगला. नंतर तो नट झाला.

डिसेंबर 1987 मध्ये पॅलेस्टिनी लोकांचा पहिला उठाव सुरू झाला. त्याला इंतिफादा म्हणतात. पोरे रणगाड्यांवर दगड मारू लागली. लष्कराने पश्चिम किनाऱ्यावरच्या शाळा कित्येक महिने बंद ठेवल्या. संचारबंदी, झडत्या, घरे पाडणे हे रोजचे झाले. लहान मुलांनी काय करायचे? बाहेर पडले तर गोळी, घरात बसले तर कोंडवाडा.

आर्ना तेव्हा साठीच्या घरात होत्या. ह्या वयात माणसे पेन्शनचा हिशेब करतात. ह्या बाई रंग, कागद आणि ब्रश घेऊन जेनिनच्या निर्वासित छावणीत जाऊ लागल्या. ही छावणी 1953 पासूनची. 1948 मध्ये हैफा आणि कार्मेल परिसरातून परागंदा झालेली कुटुंबे तिथे राहत होती. अर्ध्या चौरस किलोमीटरपेक्षाही कमी जागेत हजारो माणसे, भिंतीला भिंत लागलेली. आर्ना रस्त्यावरच कागद पसरत आणि मुलांना चित्रे काढायला बसवत. मुलांना आधी संशय आला. ही यहुदी बाई, म्हणजे हेर असणार! तो संशय कसा गेला हे कोणी एका दिवसाचे सांगू शकत नाही. त्या पुन्हा पुन्हा येत राहिल्या, एवढेच.

त्यांची शिकवण्याची रीत आपल्या शाळांतल्या बाईंना चमत्कारिक वाटेल. शेजारचे घर लष्कराने उडवून दिले होते. त्या घरातला आला नावाचा मुलगा गुमसुम बसून होता, त्याचा मित्र अश्रफ रागाने धुमसत होता. आर्ना यांनी अश्रफला विचारले की सैन्य समोर आले तर तू काय करशील, आणि स्वतःच सैन्य होऊन त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. त्या पोराने त्यांना मारले. त्यांनी मारू दिले. मग त्याच रागातून कागद फाडणे, रंग फासणे, चित्र काढणे सुरू झाले. आला याने कागदावर घर काढले. मुलाने राग गिळला तर तो आत कुजतो. तो बाहेर आला आणि त्याला रंग मिळाला, शब्द मिळाले, तरच मूल पुढे शिकू शकते, असे त्यांचे मत होते. हे चित्रे काढणे म्हणजे दंग्याच्या काळातला विरंगुळा नव्हता. मुलाने आपल्यावर काय गुदरले ते जगापुढे मांडणे हाच त्यांचा प्रतिकार होता.

1993 मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. स्वीडनमध्ये दिला जाणारा हा पुरस्कार पर्यायी नोबेल म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षी ओस्लो करार झाला आणि सगळ्यांना वाटले की आता शांती येणार. आर्ना यांनी पुरस्काराच्या पैशांतून छावणीत नाट्यगृह उभे केले. समीरा नावाच्या एका आईने आपल्या घराचा वरचा मजला त्यासाठी दिला. नाव ठेवले दगडी रंगमंच, कारण दगड हे त्या उठावाचे चिन्ह होते. नाटक शिकवायला जुलियानो आला. गस्सान कनफानी ह्या पॅलेस्टिनी लेखकाची छोट्या कंदिलाची गोष्ट मुलांनी बसवली. त्यात एका राजकन्येला सूर्य राजवाड्यात आणायचा असतो. अश्रफ, आला, युसुफ, समीराचा मुलगा झकारिया हे सगळे त्या मंडळीत होते. अश्रफला तर नटच व्हायचे होते.

एव्हाना आर्ना यांना कर्करोगाने गाठले होते. केस गेलेल्या डोक्याला पॅलेस्टिनी रुमाल बांधून त्या नाक्यावर उभ्या राहत आणि अडवलेल्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना हॉर्न वाजवायला सांगत. मुलाने घेतलेल्या चित्रीकरणात हे आजही दिसते. फेब्रुवारी 1995 मध्ये त्या गेल्या.

मग दफनाचा प्रश्न आला. इस्राएलमध्ये दफनभूमी बहुतांशी धार्मिक मंडळांच्या ताब्यात असते आणि आर्ना यांना धर्मविधी नको होते. शेवटी हैफाच्या दक्षिणेकडील रामोत मेनाशे ह्या किबुत्झने, म्हणजे सामुदायिक शेती करणाऱ्या वसाहतीने, आपल्याकडे जागा दिली.

येथे थांबलो असतो तर ही एक सुंदर कथा झाली असती. पण आम्हाला पुढचेही सांगितले पाहिजे.

2000 मध्ये दुसरा उठाव सुरू झाला. ऑक्टोबर 2001 मध्ये रणगाड्याचा गोळा एका शाळेवर पडला. युसुफने एका जखमी मुलीला उचलून बाहेर आणले, ती त्याच्या हातातच गेली. त्याच महिन्याच्या 28 तारखेला तो एका सोबत्याबरोबर इस्राएलच्या हदेरा शहरात गेला आणि रस्त्यावर गोळीबार करून त्याने चार स्त्रियांना ठार केले. मग पोलिसांनी त्या दोघांना मारले. एप्रिल 2002 मध्ये जेनिनच्या छावणीत मोठी लढाई झाली, 52 पॅलेस्टिनी आणि 23 इस्राएली सैनिक मेले. अश्रफ त्यात पडला. आला त्याच वर्षी नोव्हेंबरात मारला गेला, तोपर्यंत तो एका सशस्त्र गटाचा म्होरक्या झाला होता. समीराही 2002 मध्येच सैनिकाच्या गोळीने गेली. रंगमंच जमीनदोस्त झाला.

म्हणजे आर्ना यांचे कष्ट फुकट गेले का? हदेराच्या त्या चार स्त्रियांच्या घरी हा प्रश्न आपण विचारू शकणार नाही. युसुफने जे केले त्याचे समर्थन कोणत्याही दुःखातून होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि तरीही त्या मुलांच्या आयुष्यातली काही वर्षे अशी होती की ज्यांत त्यांच्या हातात कंदील होते, आणि ते हसत होती. जुलियानोने लढाईनंतर छावणीत परत जाऊन मेलेल्यांचा आणि उरलेल्यांचा शोध घेतला, आणि जुने चित्रीकरण जोडून आर्नाची मुले हा माहितीपट केला. तो 2004 मध्ये आला. मिळाला तर जरूर पाहावा, फक्त लहान मुलांना शेजारी बसवू नये.

2006 मध्ये जुलियानोने झकारिया आणि इतरांसोबत त्याच छावणीत फ्रीडम थिएटर सुरू केले. मुली आणि मुलगे एकत्र रंगमंचावर येतात म्हणून छावणीतल्याच काहींना ते खुपत होते. बाहेर इस्राएली लष्कराचा संशय होताच. 4 एप्रिल 2011 रोजी थिएटरजवळ एका बुरखाधारी माणसाने त्याला गाडीतच गोळ्या घातल्या. मारेकऱ्याला शिक्षा झालेली नाही. जानेवारी 2025 मध्ये लष्कराच्या मोठ्या मोहिमेनंतर ती सारी छावणीच रिकामी झाली. नाटक मंडळीही घरांबरोबर विखुरली.

जुलियानोच्या अंत्ययात्रेची एक गोष्ट राहिली. हैफातल्या थिएटरमध्ये लोकांनी त्याचे अंत्यदर्शन घेतले. जेनिनच्या लोकांना नाका ओलांडून हैफाला येण्याची मुभा नव्हती. म्हणून शवपेटीच आधी जेनिनजवळच्या जलामे नाक्यावर नेण्यात आली. पलीकडून आलेल्या छावणीतल्या माणसांनी तेथे त्याचा निरोप घेतला. मग गाडी मागे वळली आणि रामोत मेनाशेला, आईच्या शेजारी, त्याला पुरण्यात आले.