धर्मांतरानंतर पुढे काय? बाबासाहेबांनी ख्रिस्ती बांधवांना दिलेला इशारा आणि आपण

विहारात राजकारण नको, असे म्हणणारे तरुण आम्हाला नायगावच्या चाळींत नेहमी भेटतात. विहाराची आठवण फक्त निवडणुकीत येणारे कार्यकर्तेही भेटतात. दोघांच्याही घरात बाबासाहेबांचाच फोटो असतो. म्हणूनच धर्म, सत्ता आणि पोटाचा प्रश्न यांची सांगड खुद्द बाबासाहेबांनी कशी घातली, हे त्यांच्या आयुष्यातून पुन्हा पाहायला हवे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचा अभ्यासाचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये ते हाच विषय शिकले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी त्यांना डी.एस्सी. मिळाली. हा अर्थतज्ज्ञ राहत होता मात्र परळच्या बीआयटी चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारी. त्या काळी गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. तिथे तुटलेला धागा जोडताना थुंकी लावावी लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ वाटे. जास्त मजुरी नेमकी त्याच खात्यात होती. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. जात देवळाच्या दारात असते तशी ती पगारातही असते, हे त्यांनी उघड केले.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. पुढच्याच वर्षी मे अखेरीस मुंबई इलाखा महार परिषद आपल्या नायगावात भरली. ३१ मे १९३६ च्या तिथल्या भाषणात त्यांनी धर्मांतराचा विचार ऐहिक आणि आध्यात्मिक अशा दोन्ही बाजूंनी मांडला. त्यानंतर अडीच महिन्यांत, १५ ऑगस्ट १९३६ रोजी, त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. जुना धर्म सोडण्याची तयारी आणि कष्टकऱ्यांच्या पक्षाची उभारणी या दोन गोष्टी त्यांनी एकाच वेळी केल्या. १९३७ मध्ये पक्षाचे बहुतेक उमेदवार मुंबई विधिमंडळात निवडून आले. त्याच वर्षी बाबासाहेबांनी कोकणातली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले.

या धामधुमीत १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ते ख्रिस्ती समाजापुढे बोलले. ही घटना आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला मोहून टाकल्याचे त्यांनी तिथे सांगितले. पण पुढे त्यांनी त्या समाजाला खडे बोलही सुनावले. भारतीय ख्रिस्ती राजकारणात मागे राहिले आहेत. अस्पृश्य विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेतला की त्याची शिष्यवृत्ती जाते, आणि घरची गरिबी मात्र तशीच राहते. इतके शिकलेले लोक असूनही हा समाज अन्यायाविरुद्ध उभा राहत नाही. आपला राजकीय प्रतिनिधी असल्याशिवाय समाजाचे हित राखता येत नाही, असा त्या भाषणाचा रोख होता. याच प्रश्नावर त्यांनी पुढे स्वतंत्र लिखाणही केले. शिकलेला ख्रिस्ती वर्ग मिशनच्या शाळा-दवाखान्यांत नोकरीला लागला आणि खेड्यातल्या धर्मांतरित मजुराचा आवाज उठवायला कोणी उरले नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

स्वतः बाबासाहेब मात्र थांबले नाहीत. १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर गेला. फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. ७ नोव्हेंबरला कम्युनिस्टांच्या सोबतीने त्यांनी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप घडवला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. कारखान्यातले काम आठवड्याला ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती याच काळातली. १९४७ मध्ये त्यांनी मुख्य उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या ताब्यात असावी, आणि ही व्यवस्था संविधानातच लिहिली जावी, अशी योजना मांडली. ती स्वीकारली गेली नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर सुमारे पाच आठवड्यांनी, २० नोव्हेंबरला, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत ते बुद्ध आणि मार्क्स यांवर बोलले. शोषणाचे दुःख दोघांनीही ओळखले, पण बुद्धाचा मार्ग हिंसेचा आणि हुकूमशाहीचा नाही. तो माणसाचे मन बदलणारा आहे, अशी त्यांची मांडणी होती. याच काळात रिपब्लिकन पक्षाची आखणीही त्यांच्या डोक्यात चालू होती. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

सोलापुरात त्यांनी ओळखलेला धोका पुढे आपल्यावरच आला. दीक्षा घेतली म्हणून केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींतून बौद्ध बाहेर पडले. महाराष्ट्रात राज्याच्या सवलती १९६० नंतर मिळाल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी १९९० उजाडावे लागले. मधल्या ३४ वर्षांत मोर्चे निघाले, निवेदने गेली, संसदेत प्रश्न लावून धरले गेले. नुसत्या वंदनेने तो हक्क परत आला नसता. दलित ख्रिस्ती बांधव आजही त्या यादीबाहेर आहेत. त्यांच्या मागणीला पाठिंबा देणे हे आपले काम आहे, कारण ती वेदना आपण भोगली आहे.

आज नायगावच्या ४२ बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणाऱ्या कुटुंबांना देखभालीचा खर्च झेपेल का? गिरण्या गेल्यावर कंत्राटी कामावर जगणाऱ्या तरुणाला कामाच्या तासांचा कायदा लागू होतो का? हे प्रश्न विहारात बोलले गेलेच पाहिजेत. विहार कोणत्याही पक्षाची शाखा होऊ नये, पण तिथे बसणाऱ्याला आपला पगार, आपले घर आणि आपले मत यांचा हिशेब मांडता यायला हवा. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास यासाठी ठेवू या. सुरुवात एवढ्यानेही होते.

जय भीम! नमो बुद्धाय!