वाल्डेमार हाफकिन : आधी स्वतःवर, मग लोकांवर

परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रातील बहुतेक घरांना परिचित आहे. सर्पदंशावरील औषध आणि पोलिओची लस यांच्याशी ते जोडले गेले आहे. परंतु हाफकिन हे एका माणसाचे नाव होते, तो दूर देशातून आला होता आणि मुंबईकरांना प्लेगपासून वाचवणारी लस त्याने येथेच तयार केली, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. आपल्या विद्यालयाच्या या स्मरणिकेत त्यांचे चरित्र सांगावे असे आम्हांस वाटले. पुरावा हाती आल्यावाचून स्वीकारू नये आणि पुराव्यावाचून कोणाला दोषीही ठरवू नये, हे दोन्ही धडे त्यात आहेत.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात प्राणिशास्त्राचे थोर अभ्यासक एली मेचनिकॉव्ह हे त्यांना गुरू लाभले. त्या काळी रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होत असत. आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिनही होते आणि त्यासाठी त्यांना अटकही झाली. पुढे विद्येच्या बळावर पद मिळण्याची वेळ आली तेव्हा ख्रिस्ती होण्याची अट घालण्यात आली. त्यांनी ती नाकारली. माणसाने धर्म बदलावा तो स्वतःच्या विवेकाने, नोकरीच्या लोभाने नव्हे, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

देश सोडून ते प्रथम जिनिव्हास व १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तेथे जागा मिळाली ती साहाय्यक ग्रंथपालाची. ते काम सांभाळून त्यांनी सूक्ष्मजंतूंचा अभ्यास चालू ठेवला आणि पटकीवर लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी तिची पहिली टोचणी त्यांनी स्वतःच्या शरीरावर घेतली. ताप आला आणि उतरला. त्यानंतरच त्यांनी इतरांना टोचले. पटकीने सर्वाधिक बळी जात होते ते हिंदुस्थानात, म्हणून १८९३ साली ते कलकत्त्यास आले व देशभर फिरून हजारो लोकांना त्यांनी लस दिली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोक शहर सोडून पळू लागले. ऑक्टोबरात हाफकिन यांना मुंबईस पाचारण करण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली व एक बोळ, आणि मदतीला एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी मांसरसात प्लेगचे जंतू वाढवले. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांच्या आधाराने जंतूंची दाट वाढ खाली लोंबू लागे. मग तो रस तापवून जंतू मारायचे आणि ते मेलेले जंतू लस म्हणून टोचायचे, अशी त्यांची रीत होती. शरीर मेलेल्या जंतूंशी ओळख करून घेते आणि जिवंत जंतू आले की त्यांच्याशी लढते.

१० जानेवारी १८९७ रोजी याही लसीची टोचणी त्यांनी प्रथम स्वतःला करवून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली व उरलेल्यांशी त्यांची तुलना झाली. लस घेतलेल्यांत रोगी फार थोडे निघाले. पुढे बडोद्याजवळील उंधेरा गावी प्रत्येक घरातील साधारण निम्म्या माणसांना लस देऊन अशीच पाहणी झाली. प्लेग शिरलेल्या घरांत लस न घेतलेले २६ जण दगावले, लस घेतलेले अवघे ३. शब्दाने न पटणारी गोष्ट या आकड्यांनी पटवली.

त्याच दिवसांत पुण्यातही प्लेगने थैमान घातले होते. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले यांनी यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले, त्यांनाही संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हाफकिन यांनी स्वतःला टोचून घेतल्याला तेव्हा नेमके दोन महिने झाले होते. लस जन्मली होती, पण घरोघर पोहोचली नव्हती. एका बाजूस प्रयोगशाळेतील धैर्य आणि दुसऱ्या बाजूस रुग्णाला उचलून घेणारी करुणा, या दोहोंना आम्ही एकच मान देतो.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात आली. लस लाखो लोकांपर्यंत गेली. आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी लस घेतलेल्यांपैकी १९ जणांना धनुर्वात होऊन ते मरण पावले. ते सर्व एकाच बाटलीतून टोचलेले होते. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना संचालकपद सोडावे लागले.

त्यांनी आपली बाजू मांडली ती प्रयोगशाळेच्याच रीतीने. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तो पुन्हा वापरला गेला, हे साक्षीत आले होते. बाटली बरेच दिवस आधी भरलेली होती. धनुर्वाताचे जंतू मुंबईतच शिरले असते तर तितक्या दिवसांत लसीला दुर्गंध सुटला असता. पण उघडताना तसा वास आला नव्हता. १९०७ साली रोनाल्ड रॉस व इतर नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या वृत्तपत्रातून हा अन्याय जाहीरपणे मांडला, तेव्हा कोठे सरकारने त्यांना निर्दोष मानून पुन्हा कामावर घेतले. पाच वर्षे गेली होती. ते कलकत्त्यास परतले, परंतु मुंबईची प्रयोगशाळा त्यांच्या हाती पुन्हा आली नाही. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते निवर्तले. ते अविवाहित होते. आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धार्मिक विद्यालयांतील शिक्षणासाठी ठेवली.

भगवान बुद्धांच्या धम्माला एहिपस्सिको म्हणतात, म्हणजे स्वतः येऊन पाहण्याजोगा. हाफकिन बौद्ध नव्हते, पण लोकांना विश्वास ठेवा असे म्हणण्याआधी त्यांनी स्वतःच्या अंगावर पाहून घेतले आणि मग इतरांनाही ताडून पाहू दिले. वसतिगृहातील आमची मुले आज विज्ञानाच्या तासाला सूक्ष्मदर्शकात डोकावतात. उद्या त्यांतील कोणी परिचारिका होईल, कोणी रक्ततपासणी करील, कोणी लस टोचील. त्यांनी मुल्कोवालचा चिमटा विसरू नये. लाखोंना वाचवणारी विद्या हातातून निसटलेल्या एका उपकरणापाशी हरू शकते. आणि कोणावर ठपका ठेवण्याची वेळ आली, तर पुरावा तपासेपर्यंत त्यांनी थांबावे. हाफकिन यांना हा न्याय मिळायला पाच वर्षे लागली. आपल्या मुलांनी तो कोणालाही इतक्या उशिरा देऊ नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.