लिंडले मरे : सोफ्यावरचा व्याकरणकार

गणपती ही विद्येची देवता. तेव्हा त्याच्या उत्सवाच्या स्मरणिकेत एका व्याकरणकाराला थोडी जागा दिली तर वाचक रागावणार नाहीत, अशी आम्हांला आशा आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला वडिलांकडून मुलाकडे आली. आधी नियम पाठ, मग त्यावर वाक्ये, ही इंग्रजी शिकवण्याची शिस्त ज्यांच्या पुस्तकाने दूरवर नेली ते लिंडले मरे. गंमत अशी, की इंग्रजांना शुद्ध इंग्रजी शिकवणारे हे गृहस्थ जन्माने अमेरिकेचे आणि पेशाने वकील व व्यापारी होते.

त्यांचा जन्म १७४५ साली पेनसिल्व्हेनियात, स्वाटारा येथे झाला. बारा भावंडांत ते थोरले. वडील रॉबर्ट पिठाच्या गिरणीतून वर आले आणि न्यूयॉर्कचे बडे व्यापारी बनले. मॅनहॅटनमधील मरे हिल हे नाव त्यांच्याच घराण्यावरून पडले. घराणे क्वेकर पंथाचे. हे लोक लहानथोर सगळ्यांनाच 'तू' म्हणत, राजालाही. 'अहो-जाहो'त वाढलेल्या आपल्याला हे पचायला जडच! वडील कडक होते. एकदा शिक्षा झाली म्हणून मुलगा घर सोडून बर्लिंग्टनच्या शाळेत जाऊन राहिला आणि तिथे फ्रेंच शिकू लागला. पुढे समेट झाला. पेढीवर मन रमेना, म्हणून लिंडले कायदा शिकले. त्याच कचेरीत त्यांच्याबरोबर शिकणारे जॉन जे नंतर अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश झाले. १७६७ साली हॅना डॉब्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

मग स्वातंत्र्ययुद्ध पेटले. मरे काही वर्षे लाँग आयलंडवर इस्लिपला बाजूला राहिले आणि नंतर इंग्रजांच्या ताब्यातील न्यूयॉर्कमध्ये व्यापाराला लागले. युद्ध संपेपर्यंत त्यांनी एवढे मिळवले, की चाळिशीच्या आतच ते कामधंद्यातून निवृत्त होऊ शकले. हा पैसा कोणत्या काळातला होता, हे चरित्र सांगताना झाकून ठेवू नये, असे आम्हांला वाटते. १७८४ साली त्यांनी देश सोडला. कारण प्रकृतीचे होते. पायांतली शक्ती जात चालली होती आणि थंड हवा मानवेल असा वैद्यांचा सल्ला होता. युद्धातील वागणुकीमुळे मागे राहणे कठीण झाले असावे, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

यॉर्क शहराजवळ होलगेट येथे त्यांनी घर घेतले. थोडे दिवस राहून परतायचे होते, पण परतणे झालेच नाही. चालणे कमी होत होत थांबले. अखेरची पंधराहून अधिक वर्षे त्यांनी घराचा उंबरठा ओलांडला नाही. दिवस सोफ्यावर बसून जाई. हॅनाबाईंनी हा संसार परक्या मुलखात कसा सांभाळला असेल, याची कल्पनाच करावी. मूलबाळ नव्हते.

यॉर्कमध्ये क्वेकरांची मुलींची एक शाळा होती. तिथल्या तरुण शिक्षिका व्याकरण शिकायला मरे यांच्या घरी येत. आमच्यासाठी पुस्तकच लिहा, अशी विनंती त्यांनी केली. सुरुवातीला मरे तयार नव्हते. अखेर १७९५ साली पुस्तक निघाले. पाठ करायचे नियम मोठ्या टाइपात, स्पष्टीकरण लहान टाइपात, अशी सोपी युक्ती होती. वाक्यरचनेचे नियम बावीस. उदाहरणे अशी निवडली, की मुलांच्या कानी वावगे काही पडू नये.

यात स्वतःचे किती? फारसे नाही. बिशप रॉबर्ट लाउथ यांच्या १७६२ च्या व्याकरणातून त्यांनी भरपूर घेतले. एक नमुना मोठा मासलेवाईक आहे. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय ठेवण्याची इंग्रजीला सवय आहे, हे सांगताना लाउथ यांनी स्वतःचे वाक्यही तसेच संपवले होते. मरे यांनी तो मजकूर उचलला आणि अव्यय मुकाट्याने जागेवर आणून ठेवले! विनोद गेला, नियम उरला. मरे यांनी भाषेला काही नवे दिले नाही, असे टीकाकार म्हणतात ते खरे आहे. पण वर्गात बसलेल्या मुलापर्यंत पोहोचायचे कसे, हे लाउथ यांच्यापेक्षा त्यांना अधिक कळले होते.

पाठोपाठ स्वाध्याय, उत्तरे, वाचनमाला निघाल्या. त्यांच्या सर्व पुस्तकांचा खप दीड ते दोन कोटी प्रतींच्या घरात गेला, असा अंदाज आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, तेव्हा इंग्रजी शालेय व्याकरणाचा हाच साचा त्यांच्यापुढे होता. पुस्तकांतून आलेला पैसा मरे यांनी दानधर्मात घातला. मृत्युपत्राने ठेवलेल्या निधीतून अमेरिकेतील गुलामांची सुटका आणि त्यांच्या मुलांचे शिक्षण व्हावे, अशी तजवीज केली.

१८२६ साली ते होलगेटलाच वारले. त्यांचा दरारा पुढेही टिकला. डिकन्सच्या एका कादंबरीत मेणाचे पुतळे दाखवणारी बाई आहे. शाळेच्या मुली पाहायला यायच्या म्हटल्यावर ती विदूषकाचा पुतळा थोडा बदलते आणि व्याकरण लिहीत बसलेले मरे म्हणून उभा करते. होलगेटच्या बागेतले त्यांचे लाकडी उन्हाळघर नंतर हलवण्यात आले. आज ते यॉर्कच्या माउंट शाळेच्या आवारात आहे. ज्या शाळेच्या शिक्षिकांनी पुस्तक मागितले, तिचाच वारसा ही शाळा सांगते.