तिऱ्हाइताचा कान

फ्रेडी मर्क्युरीविषयी आपल्याकडे दोनच गोष्टी हमखास सांगितल्या जातात. तो पारशी असून पाचगणीला शिकला, ही पहिली. आणि तो एड्सने गेला, ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत. पण त्या दोहोंमधली जी वर्षे त्याने ध्वनिमुद्रणाच्या खोलीत घालवली, त्यांबद्दल मी मराठीत फारसे वाचलेले नाही. मला स्वतःला त्याच्या आयुष्यातले १९७९ हे साल सर्वांत विचार करण्यासारखे वाटते. कीर्ती मिळून चुकलेल्या, एकमेकांच्या खोडी पाठ झालेल्या चार माणसांनी त्या वर्षी एका परक्याला आपल्या कामात बोलावले आणि त्याचे ऐकले.

फरोख बलसारा हे त्याचे मूळ नाव. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबारचा. वडील बोमी तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. मुलगा आठ वर्षांचा असताना त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात ठेवण्यात आले. तिथेच फरोखचा फ्रेडी झाला, तिथेच तो पियानो शिकला आणि १९५८ च्या सुमारास चार मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढून त्यात पियानो वाजवू लागला. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब नेसत्या वस्त्रांनिशी म्हणावे तसे लंडनजवळच्या फेल्टममध्ये येऊन पडले. विमानतळावर सामान उचलणे, केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकणे अशी कामे त्याने केली. ईलिंगच्या कलामहाविद्यालयातून ग्राफिक डिझाइनची पदविका त्याने १९६९ मध्ये घेतली. 'क्वीन' बँडचे राजचिन्ह पुढे त्यानेच रेखाटले. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांना तो येऊन मिळाला, १९७१ मध्ये जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. चौघेही शिकलेले, चौघेही गाणी लिहिणारे आणि चौघेही हट्टी.

इथे एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. आपल्या चित्रपटात निर्माता म्हणजे पैसा घालणारा. ध्वनिमुद्रिकेचा निर्माता निराळा. वादक काचेपलीकडे वाजवीत असतात, आणि हा अलीकडे बसून ठरवितो की वाजवणे जमले की नाही, कोणता आवाज पुढे घ्यायचा, कोणता मागे ठेवायचा, कुठे थांबायचे. नाटकाच्या तालमीला दिग्दर्शक समोर खुर्चीत बसतो, तसेच हे काम. स्वतःच्या आवाजात बुडालेल्या माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून ऐकता येत नाही. म्हणून हा उसना कान लागतो.

क्वीनला पहिला असा कान मिळाला तो रॉय थॉमस बेकरचा. १९७३ ची पहिली ध्वनिमुद्रिका ट्रायडेंट स्टुडिओ रिकामा असेल तेव्हा, म्हणजे रात्री-अपरात्री मुद्रित झाली. बेकरला भव्यतेची हौस होती आणि फ्रेडीला तर ती उपजतच होती. दोघांच्या हौसेचे शिखर म्हणजे १९७५ चे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांच्या या गाण्यातल्या ऑपेराच्या तुकड्यालाच सुमारे तीन आठवडे लागले. फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर दिवसाचे दहा-दहा तास गात. फीत चोवीस ट्रॅकची. तेवढ्यात शेकडो माणसांचा समूह कसा मावायचा? म्हणून काही आवाज एकत्र करून दुसऱ्या ट्रॅकवर उतरवायचे, रिकाम्या झालेल्या जागेत पुन्हा गायचे, पुन्हा उतरवायचे. हे इतक्या वेळा झाले की फीत झिजून तिच्यातून उजेड दिसू लागला. इतके लांब गाणे रेडिओवर कोण लावणार, ही शंका कंपनीला होती. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

अशा यशानंतर आपल्याला कोणाची गरज नाही असे वाटणे स्वाभाविक होते. १९७६ ची ध्वनिमुद्रिका त्यांनी स्वतःच निर्माण केली, आणि १९७७ च्या वेळी ध्वनिमुद्रक माइक स्टोनच्या मदतीने पुन्हा स्वतःच. १९७८ मध्ये 'जॅझ'साठी बेकरला परत बोलावले. ती खपली, पण समीक्षकांनी तिचे पार वाभाडे काढले. त्यातले काही शेरे मला आकसाचे वाटतात. तरी ती ऐकताना एक गोष्ट जाणवते : कारागिरी उत्तम आहे, पण खोलीत आश्चर्य उरलेले नाही. सगळ्यांना सगळ्यांचे सगळे ठाऊक झाले आहे.

१९७९ च्या उन्हाळ्यात जपानचा दौरा आटोपून ते म्युनिकला गेले. नवी ध्वनिमुद्रिका काढायची असे काही ठरलेले नव्हते. नुसते काही करून बघायचे होते. अराबेला नावाच्या हॉटेलच्या तळघरात जॉर्जो मोरोडरने उभारलेला म्युझिकलँड स्टुडिओ होता आणि तिथे राइनहोल्ड माक हा जर्मन ध्वनिमुद्रक काम करी. बेकरच्या अगदी उलट माणूस. क्वीनची जुनी रीत अशी की, पायाचे वादन एकसंध हवे; मध्ये चूक झाली की सगळे पहिल्यापासून. माकने सांगितले, जिथे बिघडले तिथूनच वाजवा, मी फीत कापून जोडीन. ही सूचना ऐकायला किरकोळ वाटते. पण वर्षानुवर्षे एका शिस्तीवर पोसलेल्या लोकांना ती जवळजवळ लबाडी वाटली असणार!

तिथेच फ्रेडीला हॉटेलात अंघोळ करता करता एक चाल सुचली. एल्विस प्रेस्लीच्या वळणाची, तीन-चार स्वरमेळांची, साधी. त्याने स्वतः गिटार हातात घेतली, आणि गिटार त्याला बेताचीच येत होती, म्हणूनच गाणे साधे राहिले असे मी मानतो. ब्रायन तेव्हा स्टुडिओत नव्हता. तो येण्याआधीच रॉजर आणि जॉनला घेऊन गाण्याचा सांगाडा उभा राहिला. मग ब्रायन आला, तेव्हा माकने त्याला वेगळीच अट घातली. ब्रायनची गिटार त्याने व त्याच्या वडिलांनी घरी हातांनी बनविलेली. तीच त्याची ओळख. माक म्हणाला की इथे ती नको, टेलिकास्टर वाजव. ब्रायनने कुरकुरत का होईना, वाजवली. 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' १९८० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. तिथला तो मान क्वीनला प्रथमच मिळत होता.

कोणत्याही जुन्या सहकाऱ्याने ब्रायनला ती गिटार खाली ठेवायला सांगितली असती, तर भांडण झाले असते. तिऱ्हाइताने सांगितले म्हणून ते कामापुरते राहिले. चार समान भागीदार असले की प्रत्येक सूचना मानापमानाची होते. आमच्याकडच्या हौशी नाट्यसंस्थांत हेच पाहायला मिळते.

'द गेम' (१९८०) मध्ये आणखी एक सोवळे सुटले. आमच्या संगीतात सिंथेसायझर नाही, असे अभिमानाने वेष्टनावर छापणाऱ्या या मंडळींनी तो प्रथमच वापरला. आणि सर्वांत शांत अशा जॉन डीकनचे 'अनदर वन बाइट्स द डस्ट' त्याच स्टुडिओत आकाराला आले : ड्रमचा कोरडा, पुन्हा पुन्हा फिरणारा ठोका, त्यावर बास, आणि भोवती मोकळी जागा. पाच वर्षांपूर्वी हीच माणसे फितीवर तिळाएवढी जागा रिकामी सोडत नव्हती!

अर्थात उसना कानही कालांतराने घरचा होतो. १९८२ ची 'हॉट स्पेस' नाचगाण्याच्या नादात फसली, असे माझेही मत आहे. फ्रेडीने १९८५ मध्ये माकबरोबरच स्वतःची एकट्याची ध्वनिमुद्रिका काढली. तिला बेताचे यश मिळाले. त्याच वर्षी १३ जुलैला वेम्बलीच्या मैदानात वीस-एकवीस मिनिटांत त्याने सारे जग जिंकले, ते सर्वांना माहीत आहे. त्यावर मी अधिक लिहीत नाही. १९८६ च्या ध्वनिमुद्रिकेचे काम तर दोन निर्मात्यांत वाटले गेले. फ्रेडी आणि जॉनची गाणी माककडे, ब्रायन आणि रॉजरची डेव्हिड रिचर्ड्सकडे. एका घरात दोन चुली मांडल्यासारखेच ते होते.

त्यानंतर रिचर्ड्स एकटाच राहिला. स्वित्झर्लंडमधल्या मोंत्र्यो येथे क्वीनच्या मालकीचा माउंटन स्टुडिओ होता, तिथे तो काम करी. १९८९ च्या 'द मिरॅकल'पासून प्रत्येक गाण्याखाली चौघांचे एकत्र नाव जाऊ लागले; गाणे कोणाचे, हा वाद मिटला. तोवर फ्रेडीला आपल्या आजाराची पुरती जाणीव होती आणि बाहेर कोणालाही त्याने ती कळू दिली नव्हती.

१९९१ च्या मे महिन्यात तो त्या स्टुडिओत 'मदर लव्ह' गायला उभा राहिला. चालणे कठीण झाले होते. साथीला सगळा बँड नाही, ताल यंत्रावर ठेवलेला. ब्रायन शब्द लिहून देई, फ्रेडी लगेच त्या ओळी गाई, रिचर्ड्स मुद्रित करी. शेवटच्या कडव्यापाशी तो थांबला. थोडी विश्रांती घेऊन पुढे करू, असे ठरले. तो परत आला नाही. २३ नोव्हेंबरला त्याने आजार जाहीर केला आणि २४ नोव्हेंबर १९९१ ला लंडनमध्ये तो गेला. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. गाणे १९९५ मध्ये बाहेर आले. त्यातले शेवटचे कडवे ब्रायनच्या आवाजात आहे.