डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी

आपल्या स्मरणिकेसाठी एका थोर बाईंची हकीकत लिहिते. मद्रासच्या, म्हणजे आताच्या चेन्नईच्या, डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचे नाव देवदासीची चाल बंद व्हावी म्हणून झटणाऱ्या बाई म्हणून पुष्कळ भगिनींनी ऐकले असेल. पण उतारवयात त्यांनी गोरगरिबांसाठी कर्करोगाचे इस्पितळ काढले, ते आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

त्यांचा जन्म 30 जुलै 1886 रोजी पुदुकोट्टई संस्थानात झाला. वडील नारायणस्वामी तेथील महाराजा कॉलेजचे प्राचार्य, आई चंद्रम्माळ देवदासींच्या घराण्यातल्या. मुलांच्या कॉलेजात मुलगी नको म्हणून लोकांनी हरकत घेतली, तेव्हा खुद्द महाराजांनी त्यांना प्रवेश देवविला. पुढे मद्रासच्या मेडिकल कॉलेजातून 1912 साली त्या डॉक्टर झाल्या. 1914 साली डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी लग्न झाले. 1927 साली मद्रासच्या कायदे मंडळात गेल्या, तेथे उपाध्यक्ष झाल्या आणि गांधीजींना अटक होताच 1930 साली ती जागा सोडून मोकळ्या झाल्या. निराधार मुलींसाठी त्यांनी अव्वै होम काढले. एवढ्यावर दुसरी कोणी थांबली असती.

पण त्यांच्या मनात एक सल होता. त्यांची बहीण आतड्याच्या कर्करोगाने गेली. आधी आव समजून औषधे चालली, आणि खरे दुखणे कळले तेव्हा वेळ निघून गेली होती. घरात डॉक्टर असून ही गत, मग खेड्यातल्या बाईचे काय होत असेल! आपल्या बायका तर दुखणे अंगावर काढण्यात पटाईत. अंगावरून जास्त जाते, छातीत गाठ लागते, हे आपण शेजारणीलाही सांगत नाही. 1925 साली मुथुलक्ष्मीबाई लंडनला शिकायला गेल्या, तेव्हा तेथील कॅन्सरचे इस्पितळ त्यांनी पाहिले आणि असे काही आपल्याकडे व्हावे हा ध्यास घेतला.

आपल्या मुंबईत परळला 1941 साली टाटा मेमोरियल उघडले. दक्षिणेत मात्र खास या रोगाचे इस्पितळ नव्हते. सरकारदरबारी उत्तर असे मिळे की या रोगातून माणूस वाचत नाही, तेव्हा पैसा कशाला घालायचा? मग बाईंनी विमेन्स इंडियन असोसिएशन या स्त्रियांच्या संस्थेला हाताशी धरले आणि 1949 साली कर्करोग निधी सुरू केला. दारोदार फिरून बायकांनी वर्गणी जमवली. आपल्या मंडळाला वर्गणी गोळा करताना काय त्रास पडतो हे ठाऊकच आहे. येथे तर रोगाचे नाव काढले की लोक दार लावून घेत असतील.

1952 साली पंडित नेहरूंच्या हस्ते अड्यार येथे कोनशिला बसली आणि 18 जून 1954 रोजी बारा खाटांचे इस्पितळ चालू झाले. बाई तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांचे चिरंजीव डॉ. कृष्णमूर्ती परदेशी शिकून आले होते, ते कामाला लागले. वर्षभरात डॉ. शांता नावाची तरुण डॉक्टरीण येऊन मिळाली.

1957 साली तेथे कॅनडातून कोबाल्टचे यंत्र आले. तसले यंत्र भारतात पहिलेच. या यंत्राचे किरण कापाकापी न करता शरीरात खोलवर जाऊन रोगाच्या पेशी मारतात. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आपल्या बायकांत फार, आणि त्यावर हा उपाय चांगला लागू पडतो. पण यंत्र आणले म्हणजे झाले असे नाही. किरण रोज थोडेथोडे, पाच-सहा आठवडे घ्यावे लागतात. मजुरी बुडवून गरीब बाईने शहरात इतके दिवस राहायचे कोठे, खायचे काय? शिवाय कोबाल्टचे तेज सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येते. मग तेवढेच किरण देण्यास रोग्याला दुप्पट वेळ यंत्राखाली ठेवावे लागते, दिवसाकाठी कमी रोगी होतात, आणि नवा कोबाल्ट आणायचा तर पुन्हा पैसा. म्हणून वर्गणीची पेटी तेथे कधीच बंद झाली नाही, आणि पैसे नाहीत म्हणून रोग्याला परत पाठवायचे नाही हा शिरस्ता पडला.

एवढे सारे सत्तर वर्षांपूर्वी एका स्त्रीसंस्थेने केले. आणि 2022 सालीसुद्धा आफ्रिकेतल्या वीसहून अधिक देशांत किरणोपचाराचे एकही यंत्र नव्हते. तेथल्या बाईने गाठ वेळेवर दाखवली तरी पुढे जायचे कोठे?

मुथुलक्ष्मीबाईंना 1956 साली पद्मभूषण मिळाले. 22 जुलै 1968 रोजी त्या वारल्या. बारा खाटांच्या आता काही शे खाटा झाल्या आहेत. डॉ. शांता लग्न न करता त्याच आवारात एका खोलीत राहिल्या आणि 2021 साली वारेपर्यंत रोगी पाहत होत्या.